स्टिरिओ फाटतोय म्हणून अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे. हॅचबॅक गाडी आहे. कंपनीचा स्टिरिओ काढून टचस्क्रीन अँड्रॉइड स्टिरिओ बसवलाय, पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर आणि मागच्या ट्रेवर ६×९ इंची ओव्हल स्पीकर आहेत. इक्वलायझर ‘रॉक’वर, बेस बूस्ट पूर्ण, लाउडनेस चालू. आवाज निम्म्याच्या पुढे नेला की फाटतो, गाण्याचे शब्द कळत नाहीत, आणि दुकानदार म्हणतोय की फोर चॅनल अ‍ॅम्प्लिफायर (चारही स्पीकरांना जास्त ताकद देणारं वेगळं यंत्र) घ्या. घ्यावा का, असं तुम्ही विचारताय.

आत्ता घेऊ नका. तुमच्याकडे जे सामान आहे त्यातून याहून पुष्कळ चांगला आवाज निघतो. गाड्यांचे स्टिरिओ बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. ‘आवाज फाटतो’ म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत खूप काही वाढवून ठेवलेलं असतं, आणि ते कमी केलं की आवाज सुधारतो. हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून आधी कारण सांगतो.

स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं असतं. तो क्षणभरासाठीचा कमाल आकडा असतो. स्टिरिओच्या आतला छोटा अ‍ॅम्प सलग देऊ शकतो ती ताकद बहुतेक स्टिरिओंत साधारण १४ ते २२ वॅट असते. आता हिशोब पाहा. इक्वलायझरवरचा एखादा पट्टा, म्हणजे बेस किंवा ट्रेबलसारखा आवाजाचा एक भाग, ३ डेसिबलने वर नेला की त्या पट्ट्यासाठी दुप्पट ताकद लागते. ६ डेसिबलने नेला की चौपट. १० डेसिबलने नेला की दहापट. साध्या सेटिंगवर डग्ग्याच्या घुमकीला २ वॅट पुरत असतील, तर बेस १० डेसिबल वाढवल्यावर त्याच घुमकीला २० वॅट हवेत. त्यावर बेस बूस्ट आणि लाउडनेस आपापली भर घालतात. अ‍ॅम्पची मर्यादा तिथेच संपते आणि लहरींचे माथे सपाट कापले जातात. आम्ही त्याला क्लिपिंग म्हणतो, तुम्हाला तो आवाज फाटल्यासारखा ऐकू येतो. बेसपायी अ‍ॅम्पची ताकद संपली की त्याच क्षणी गाणाऱ्याचा आवाजही कापला जातो, कारण दोन्ही त्याच अ‍ॅम्पमधून जातायत. शब्द न कळण्याचं मोठं कारण हेच आहे. शिवाय क्लिप झालेल्या आवाजात वरच्या पट्टीची नको ती भर पडते, ती ट्वीटरला, म्हणजे बारीक आवाज देणाऱ्या छोट्या स्पीकरला, तापवते. लहान अ‍ॅम्पवरही ट्वीटर जळतात ते त्यामुळे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सगळं शून्यावर आणणं. इक्वलायझर ‘फ्लॅट’, बेस बूस्ट बंद, लाउडनेस बंद, ‘सराउंड’ किंवा ‘थ्रीडी’ नावाचं जे काही असेल ते बंद, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारा) आणि बॅलन्स (डाव्या-उजव्यांत वाटणारा) मध्यभागी. पहिले काही दिवस गाडी अगदी फिकी वाजतेय असं वाटेल. कानांना सवय झालेली असते, ती मोडायला वेळ द्या.

मग मोबाइलकडे बघा. फोनमध्ये स्वतःचा इक्वलायझर किंवा डॉल्बीसारखा इफेक्ट चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर एकाच गाण्यावर दोन ठिकाणी प्रक्रिया होते. ब्लूटूथवर ऐकताना फोनचा आवाज पूर्ण किंवा पूर्णच्या एक पायरी खाली ठेवा आणि कमीजास्त स्टिरिओवरच करा. फोन निम्म्यावर ठेवून स्टिरिओ चढवला की खरखर वाढते. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये दर्जाची सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर असते, ती हाताने वरच्या दर्जाला करा, गाडी हलक्या सिग्नलच्या भागात शिरली की अ‍ॅप गुपचूप दर्जा खाली आणतं. गाणी आधी डाउनलोड करून ठेवली तर उत्तमच. शक्य असेल तेव्हा ब्लूटूथऐवजी यूएसबीची वायर लावा, कारण ब्लूटूथ आवाज पाठवताना पुन्हा एकदा दाबतं. मोबाइलच्या दुकानातून हजारो गाणी भरून आणलेल्या पेन ड्राइव्हवर सेटिंग करू नका. त्यातली पुष्कळ गाणी १२८ केबीपीएसची किंवा त्याहून हलकी असतात, वरची झिलई आधीच गेलेली असते, आणि ती परत आणायला तुम्ही ट्रेबल वाढवत बसाल. एफएमचंही तसंच. एफएम प्रक्षेपणात १५ किलोहर्ट्‌झच्या वर आवाज जातच नाही, तिथे ट्रेबल चढवलं तर फक्त सुसकारा चढतो.

आता खरं काम. तुमच्या स्टिरिओत ऑडिओ किंवा डीएसपी (आवाजावरच्या प्रक्रियेच्या सेटिंग) नावाच्या पानावर ‘क्रॉसओव्हर’, ‘एचपीएफ’ किंवा ‘हाय पास’ असं काहीतरी असेल. या सगळ्या लांबलचक उत्तरातून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा: पुढच्या स्पीकरांना हाय पास ८० हर्ट्‌झवर लावा, उतार १२ डेसिबल. म्हणजे ८० हर्ट्‌झच्या खालचा, अगदी खर्जातला आवाज त्यांच्याकडे जाणं कमी कमी होत जाईल. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ४०-५० हर्ट्‌झचा ठोका देणं झेपत नाही. तो नुसता आतबाहेर धावत राहतो, आणि त्याच शंकूवर, म्हणजे हलणाऱ्या पडद्यावर, गाणाऱ्याचा आवाज स्वार झालेला असतो, त्यामुळे तोही डळमळतो. तळाचं ओझं काढलं की तोच स्पीकर त्याच स्टिरिओवर जास्त मोठ्याने आणि स्वच्छ वाजतो. मी हे करून दाखवतो तेव्हा गाडीचे मालक मला विचारतात की स्पीकर बदलले का. मागच्या ओव्हलना हाय पास ६० वर ठेवा. त्यांचा पडदा मोठा आहे, खालचा भाग ते थोडा जास्त सांभाळतात. पुढे कधी सबवूफर (फक्त बेससाठीचा मोठा स्पीकर) घेतलात तर त्याला लो पास, म्हणजे फक्त खालचा आवाज जाऊ देणारी सेटिंग, ८० वर लावायचा, म्हणजे जिथे दारं थांबतात तिथून तो सुरू होतो.

याच ओघात पोलॅरिटी, म्हणजे स्पीकरची प्लस-मायनस जोडणी, तपासा, कारण टचस्क्रीन बसवताना कपलर (तयार जोडणीचा प्लग) न वापरता वायरी कापून जोडलेल्या असतील तर इथे हमखास गडबड निघते. बाहेरून घेतलेल्या स्टिरिओंच्या वायरींचे रंग जवळजवळ सगळीकडे सारखे असतात: पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल ती निगेटिव्ह. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून चूक होते. एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली की एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो आणि दोघे मिळून बेस खाऊन टाकतात. वायरी न उघडता ओळखायची रीत सोपी आहे. फेडर पूर्ण पुढे करा, दोन सीटांच्या मध्ये डोकं आणा, बेस असलेलं गाणं लावा. आधी बॅलन्स पूर्ण डावीकडे नेऊन ऐका, मग मध्यावर आणा. मध्यावर आल्यावर बेस भरायला हवा. तो उलट पातळ झाला आणि गाणारा कुठे आहे हेच कळेनासं झालं, तर एक स्पीकर उलटा आहे. कितीतरी लोक अशा गाडीत बेस पूर्ण चढवून वर्षानुवर्षं फिरतात आणि दोष स्पीकरला देतात. वायरींना हात घालाल तेव्हा डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्यांना शिवू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

आता फेडर. मैफलीत गाणारा समोर बसतो, तेव्हा गाडीतही आवाज समोरून यायला हवा. फेडर हळूहळू पुढे सरकवत न्या आणि मागचे स्पीकर ‘मागून वाजतायत’ असं वाटणं जिथे थांबतं तिथे ठेवा. तुमच्याकडे सबवूफर नाही आणि बेसचा बराच भाग ओव्हलकडून येतोय, म्हणून फेडर टोकाला नेऊ नका. मागे आईवडील किंवा मुलं बसली असतील तर एकदोन पायऱ्या परत मागे आणा, एवढंच.

बॅलन्सची गोष्ट जास्त रंजक आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या कानापासून साधारण ९० सेंटीमीटरवर, डावा १३५ वर. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे डाव्या स्पीकरचा आवाज १.३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. हा उशीर वेगळा ऐकू येत नाही, पण मेंदू आधी आलेल्या आवाजाची दिशा धरतो, आणि सगळं गाणं उजव्या दाराला चिकटतं. यावर उपाय म्हणून स्टिरिओत ‘टाइम अलाइनमेंट’ किंवा ‘डिले’ असतो. मोजपट्टी घ्या, चालकाच्या सीटवर नेहमीसारखे बसा आणि कुणाला तरी प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या नाकापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. काही स्टिरिओंना अंतर भरायचं असतं, ते गणित स्वतः करतात. काहींना मिलिसेकंद लागतात: सगळ्यांत लांबच्या स्पीकरला शून्य ठेवायचं आणि बाकी प्रत्येकाला, तो लांबच्यापेक्षा जेवढे सेंटीमीटर जवळ असेल त्याला ३४ ने भागून येणारा आकडा द्यायचा. उशीर जवळच्याला द्यायचा असतो हे पक्कं ध्यानात ठेवा. लांबच्याला दिला तर आवाज दारातून बाहेर पडल्यासारखा होतो.

नीट जमलं की नाही हे तपासायला माझी आवडती कसोटी म्हणजे जुनं मोनो रेकॉर्डिंग. पन्नाशीच्या दशकातली भावगीतं, नाट्यपदं यांत डावं-उजवं वेगळं नसतंच, दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच आवाज जातो. तेव्हा गाणारा डॅशबोर्डच्या मधोमध, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरला किंवा एका बाजूला झुकला तर डिलेचा आकडा ०.१ ने पुढेमागे करत राहा. एका क्षणी आवाज गोळा होऊन काचेपाशी येऊन थांबतो, तो क्षण अनुभवण्यासारखा आहे. स्टिरिओत ही सोय नसेल तर बॅलन्स एकदोन पायऱ्या डावीकडे न्या, निम्मं काम होतं. हे जुळवणं चालकापुरतंच असतं. शेजारी बसणाऱ्याला आवाज उलट एकांगी लागेल, म्हणून दोन प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) करा: एकटं जाताना एक, घरचे सोबत असताना डिले काढलेलं दुसरं.

हे सगळं झाल्यावर इक्वलायझरला हात लावा, त्याआधी नाही. ‘रॉक’, ‘पॉप’, ‘जॅझ’ ही तयार सेटिंग तुमच्या गाडीसाठी बनलेली नाहीत. कोणत्या पट्ट्यात काय राहतं हे माहीत असलं की काम सोपं होतं. ४० ते ६० हर्ट्‌झमध्ये छातीला जाणवणारा तळ. ८० ते १२० मध्ये ढोल, डग्गा आणि पखवाजाच्या डाव्या अंगाचा भरीवपणा. १२५ ते २५० मध्ये ऊब असते, आणि जास्त झाली की बोदेपणाही इथलाच. ५०० च्या आसपास डब्यातून आल्यासारखा आवाज. १ ते ४ किलोहर्ट्‌झमध्ये शब्दांची स्पष्टता, चाटीची किनार, ढोलकीची थाप. ६ ते ८ मध्ये ‘स’ आणि ‘श’ टोचतात, झांज आणि चिपळ्या कर्कश होतात. १० च्या वर मोकळी हवा, तंबोऱ्याच्या तारेची झिलई.

गाडीच्या दारात पत्रा, प्लास्टिक आणि पोकळी असते, त्यामुळे १२५ ते २५० चा भाग बहुतेक गाड्यांत आपोआप फुगतो. लोकांना तो बेस वाटतो, पण तो शब्दांवर पांघरूण घालतो. तो २ ते ४ डेसिबल खाली आणा. बेस कमी झाल्यासारखा क्षणभर वाटेल, मग लक्षात येईल की खालचा खरा ठोका आता वेगळा ऐकू येतोय आणि शब्द उघडे पडलेत. बाकीच्यासाठी शोधायची पद्धत अशी: एकेक पट्टा ६ डेसिबल वर नेऊन ऐका. ज्या पट्ट्यावर आवाज असह्य होतो तोच तुमच्या गाडीचा दुखरा भाग. तो शून्याच्याही खाली २-३ डेसिबल ठेवा आणि पुढच्याकडे जा. वाढवायचंच असेल तर ६० ला २ आणि १० किलोहर्ट्‌झच्या वर १ किंवा २, त्यापुढे नाही. शेजारच्या दोन पट्ट्यांत ४-५ डेसिबलहून जास्त फरक पडू देऊ नका, आवाज कृत्रिम होतो.

ऐकायला काय लावायचं हेही महत्त्वाचं आहे. आधी गाणं नकोच, एखाद्याचं साधं बोलणं लावा: कीर्तनातलं निरूपण, आकाशवाणीच्या बातम्या, व्याख्यान. माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे, तिथे खोटेपणा ताबडतोब कळतो. बोलणारा माठात तोंड घालून बोलतोय असं वाटलं तर २५० ते ५०० अजून उतरवा. नाकात बोलतोय असं वाटलं तर १ किलोहर्ट्‌झच्या आसपास बघा. मग तबल्याची साथ असलेलं गाणं घ्या. डग्ग्याची मींड सुरात ऐकू यायला हवी, नुसतं ‘धुम्म’ नको. शेवटी तुमच्या आवडीचं दणदणीत काहीतरी लावा. हे सगळं कान ताजे असताना, सकाळी, इंजिन आणि एसी बंद ठेवून करा, आणि अर्ध्या तासाने थांबा. थकलेला कान ट्रेबल वाढवायला सांगतो.

गाडी चालू झाली की चित्र बदलतं. टायरचा आणि रस्त्याचा आवाज बहुतेक खालच्या पट्टीतला असतो आणि तो गाण्याचा बेस झाकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तर जास्तच. म्हणून उभ्या गाडीत केलेल्या सेटिंगवर ६० ते १०० हर्ट्‌झला २ डेसिबलची भर घालून ‘हायवे’ नावाने वेगळा प्रीसेट ठेवा. वेगानुसार आवाज आपोआप वाढवणारी सोय असेल तर ती सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवा. लाउडनेसबद्दलही इथेच सांगतो. हळू आवाजात माणसाच्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. लाउडनेसचं बटण त्यासाठी आहे: रात्री मुलं झोपलेली असताना हळू वाजवायला. मोठ्या आवाजात ते चालू ठेवणं म्हणजे बेस बूस्ट दोनदा देणं.

एकदा सगळं बसलं की व्हॉल्यूमची तुमची मर्यादा शोधा. ओळखीचं स्वच्छ गाणं लावून एकेक आकडा वर जा. जिथे गाणाऱ्याचा आवाज खरवडल्यासारखा होऊ लागतो त्याच्या दोन आकडे खाली ती मर्यादा. बहुतेक स्टिरिओंवर ती तीन चतुर्थांशाच्या आसपास असते. त्यापुढचे आकडे वापरायचेच नाहीत, आणि गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा. तेवढ्या आवाजातही लांबच्या प्रवासात मधूनमधून कान रिकामे ठेवा. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. बंद काचांच्या छोट्या गाडीत ९५ गाठायला काही लागत नाही, आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही.

आता पैशांकडे येऊ. एवढं करूनही कमी वाटलं तर खर्च या क्रमाने करा, असं माझं ठाम मत आहे. पहिला खर्च दारांवर. आतल्या पत्र्याला ब्यूटाइल डॅम्पिंगच्या, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणाऱ्या, शीट लावा, मोठी भोकं बंद करा, पण दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं उघडीच ठेवा, नाहीतर पावसाळ्यात दारात पाणी साचेल. स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळायचा थांबला की तोच स्पीकर दुप्पट किमतीचा वाजतो. त्याच वेळी मागची ट्रे बघा. हॅचबॅकची मूळची ट्रे पातळ असते, ओव्हल तिच्यावर नाचतात. जाड प्लायवुडची करून घट्ट बसवा. दुसरा खर्च सीटखालचा छोटा अ‍ॅक्टिव्ह सबवूफर, म्हणजे ज्यात अ‍ॅम्प आतच असतो असा. अ‍ॅम्प्लिफायर तिसरा.

अ‍ॅम्प घेतलात तर त्याच्यावरचं ‘गेन’ हे आवाज वाढवायचं बटण समजू नका. ते स्टिरिओकडून येणारी पातळी अ‍ॅम्पशी जुळवतं. बसवणाऱ्याला मल्टिमीटरने लावायला सांगा: स्पीकरच्या वायरी सोडवून, सगळं फ्लॅट ठेवून, स्टिरिओ तुमच्या मर्यादेच्या आकड्यावर नेऊन १ किलोहर्ट्‌झचा टोन वाजवायचा, आणि अ‍ॅम्पच्या बाहेर येणारे एसी व्होल्ट बघत गेन चढवायचा. ५० वॅटच्या अ‍ॅम्पला ४ ओहमवर १४.१ व्होल्ट, ७५ ला १७.३, १०० ला २०. त्या आकड्याला थांबायचं. ‘कानाने लावतो’ म्हणणाऱ्याला मी माझी गाडी देणार नाही. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए (स्टिरिओकडून अ‍ॅम्पकडे आवाज नेणारी वायर) दुसऱ्या बाजूने न्यायला सांगा, आणि अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट. यात हलगर्जी झाली की एक्सलरेटर दाबला की शिट्टीसारखा आवाज वर चढतो.

आणि सेटिंग जमलं की त्या त्या पानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सर्व्हिसिंगला बॅटरीची वायर काढली की काही स्टिरिओ सगळं विसरतात आणि पुन्हा आपल्या ‘रॉक’वर जाऊन बसतात.